‘शेवटी फोन सुतारालाच करणार ना?’

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातली १८ वर्षांची मुलगी, यंदा बारावी सायन्स पास. वडिलांचं नदीच्या बाजूला फर्निचरचं वर्कशॉप आहे, हाताखाली चार कारागीर. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत माल भिजला, त्याचं कर्ज अजून फिटतंय. तिला इंटिरिअर डिझाइन शिकायचंय. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांच्या बी.डिझाइनला जागा मिळतेय. फी वर्षाला ४ लाख, होस्टेल आणि मेस वेगळं. महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरून जागा पक्की करायची आहे. वडील म्हणतात, ‘चार वर्षं आणि वीस लाख घालून शेवटी फोन सुतारालाच करणार ना?’ साइट ही मुलींची जागा नाही, त्यापेक्षा बी.कॉम. करून वर्कशॉपचे हिशेब बघ, असंही त्यांचं म्हणणं. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी मात्र घरात ठेव आहे. ती लिहिते, ‘पप्पांना डिझाइनमधलं काही कळत नाही. आर्किटेक्चरला मार्क कमी पडले, म्हणून निदान हे तरी. कोल्हापुरात राहून काही होणार नाही. त्यांना कसं पटवू? की सरळ एज्युकेशन लोन काढून जाऊ?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘कौन्सेलिंगला वडील काय करतात असं विचारलं, तेव्हा मी नुसतं बिझनेस म्हणून सांगितलं.’

ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. वडिलांचा बिझनेस आहे, हे काही खोटं नाही. पाच घरं त्या वर्कशॉपवर चालतात. पण सांगताना तुला काहीतरी टोचलं असणार, नाहीतर तू ते मला लिहिलं नसतंस. म्हणून तिथूनच सुरुवात करू या. फीचं आणि लोनचं नंतर बघू.

मी स्वतः इंटिरिअर शिकले आणि वीस वर्षांहून जास्त काळ कोल्हापुरात हेच काम केलं. पदवी घेऊन परत आल्यावर पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरातलं. माडीवरच्या खोलीत भिंतभर कपाट करायचं होतं. खोलीची मापं मी अगदी काटेकोर घेतली, सात फुटी अखंड बाजू दाखवल्या आणि ड्रॉइंग सुतारमामांच्या हातात दिलं. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, ‘ताई, जिना बघितलाय न्हवं?’ मला वाटलं, नवीन पोरगी म्हणून माझी परीक्षा घेतायत. मी म्हटलं, ‘ड्रॉइंगप्रमाणे करा.’ त्यांनी तसं केलं. कपाट टेम्पोतून आलं. जुन्या घराचा जिना तो, दोन भिंतींमधून अंग चोरून चढणारा, वर लाकडी झडप. कपाट तिसऱ्या पायरीच्या पुढे गेलं नाही. खाली अंगणातच बाजू कापाव्या लागल्या, सनमायका नवा लावावा लागला. आठ दिवसांची मजुरी आणि दोन शीट वाया गेले. घरमालकांनी ते पैसे कापले सुतारमामांच्या बिलातून. माझी फी पूर्ण मिळाली. मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. पुढे ते पैसे मी मामांना दिले, पण द्यायला चार महिने लावले. त्या चार महिन्यांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही.

तुझ्या पप्पांचं वाक्य वाचलं आणि मला तो जिना आठवला. तुला त्या वाक्यात नकार ऐकू येतो. मला त्यात बरीच जुनी बिलं दिसतात. दार उघडलं की ड्रॉवर अडेल, असं कपाट कागदावर काढून आणणारे किती जण त्यांनी बघितले असतील. ‘थ्रीडीमध्ये असं नव्हतं,’ म्हणून किती जणांनी केलेलं काम उसकटायला लावलं असेल. डिझायनरने क्लाएंटकडे बोट दाखवलं, क्लाएंटने डिझायनरकडे, आणि यांचे पैसे सहा-सहा महिने अडकले, असंही झालं असेल. हे सगळं तुला माहीत आहे का? मला वाटतं नसावं. कारागीर माणूस असल्या गोष्टी घरी येऊन सांगत नाही.

तेव्हा ‘त्यांना कसं पटवू’ हा प्रश्न चार दिवस बाजूला ठेव. रात्री जेवणं झाल्यावर पप्पांना एवढंच विचार: ‘डिझायनरच्या कामात आजवर सगळ्यात जास्त नुकसान कुठे झालं? ते ड्रॉइंग आहे का अजून?’ असेल तर समोर पसर आणि चूक कुठे होती ते त्यांना दाखवू दे. मध्ये बोलू नकोस. तुला पुढे चार वर्षं जे शिकायचंय, त्याचा पहिला तास इथे होईल. आणि तुझ्या हट्टामागे नुसती हौस नाही, हे त्यांनाही त्याच वेळी कळेल.

‘पप्पांना डिझाइनमधलं काही कळत नाही’ हे वाक्य मात्र माझ्याकडून तुला परत. आठ बाय चारच्या शीटमधून कपाटाचे सगळे भाग असे कापायचे की हातभर तुकडासुद्धा वाया जाऊ नये, सनमायकाची रेघ एका दारातून दुसऱ्या दारात अखंड गेली पाहिजे, जुन्या भिंतीला ओळंबा लावल्यावर ती इंचभर कलली आहे हे दिसलं तर पट्टी कुठे टाकून ते लपवायचं, या सगळ्याला डिझाइनच म्हणतात. त्यांनी त्याला ते नाव दिलं नाही, इतकंच.

म्हणून ‘वर्कशॉप हेच तुझं विद्यापीठ’ असं मी म्हणेन, असं समजू नकोस. ते तुला नातेवाइकांपैकी कुणीतरी ऐकवेल आणि सोबत बाबूराव पेंटरांचं उदाहरणही देईल. मेस्त्री घराण्यातला माणूस, १९१८च्या सुमारास इथे कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करतो. त्याचा अभिमान आपल्या गावात कुणाला नाही? पण एवढ्या प्रतिभेच्या माणसाचं उदाहरण देऊन एखाद्या मुलीचं शिक्षण टाळणं मला अजिबात मान्य नाही.

चांगल्या अभ्यासक्रमात शिकण्यासारखं खरंच पुष्कळ असतं. उद्या सकाळी आई पोळ्या लाटताना तिच्या शेजारी उभी राहा. तिचे खांदे वर उचलले जातात का? कमरेतून वाकावं लागतं का? उभ्याने करायच्या अशा कामाला पृष्ठभाग कोपरापासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली असला, तर खांद्यांवर आणि पाठीवर ताण येत नाही. आपल्याकडे मात्र ओटा सरसकट ३२ ते ३४ इंचांचा घालतात, घरातली बाई पावणेपाच फुटांची असो की साडेपाच. लाखो बायकांचे खांदे त्या ओट्यापाशी दुखतात आणि त्याला कुणी डिझाइनची चूक म्हणत नाही. माणसाच्या शरीराची मापं आणि वस्तूंची मापं यांचा मेळ घालणं हा या शिक्षणाचा पाया आहे. वर्कशॉपमध्ये हे शिकवायला कुणाला सवड नसते.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जिव्हारी लागलेलं आहे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५चं थिएटर ते. दुसऱ्या दिवशी तिथे उभी असलेली मोठी माणसं रडत होती. लाकूड, पडदे, खुर्च्यांमधला फोम यांतून आग कशी पसरते, शेकडो माणसं एकदम बाहेर पडायची तर दारं किती आणि केवढी लागतात, नॅशनल बिल्डिंग कोड त्याबद्दल काय सांगतो, शेवटच्या रांगेतल्या माणसाला माइकशिवाय शब्द ऐकू येण्यासाठी भिंतींना काय लावायचं, काय नाही, हे सगळं इंटिरिअरच्या अभ्यासात येतं. कुशन आणि पडद्यांचे रंग जुळवणं हा त्यातला अगदी छोटा भाग.

म्हणजे पप्पांना माझं उत्तर विचारशील तर, हो, फोन सुतारालाच करायचा आहे. त्या फोनवर नेमकं काय सांगायचं हे शिकायचंय, आणि सांगण्यात चूक झाली तर ती स्वतःच्या अंगावर घ्यायलाही शिकायचंय. ज्या कॉलेजात हे दुसरं शिकवत नाहीत, तिथे वीस लाख घालू नयेत, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

आता ‘निदान हे तरी’ या शब्दांबद्दल. तुला मनातून इमारतीच उभ्या करायच्या असतील, तर इंटिरिअरला समजूत घालून घेण्यापुरती जाऊ नकोस. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे पाच वर्षांची बी.आर्च. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर डिझायनरला असं कुठलंही कायदेशीर बंधन नाही. सहा महिन्यांचा कोर्स केलेला माणूसही पाटी लावू शकतो आणि काहीच न शिकलेलाही. त्यामुळे या क्षेत्रात नुसत्या पदवीच्या कागदाला फारसं वजन नाही. त्या चार वर्षांत काय शिकलीस त्याला आहे. तुझा कल ओळखायचा एक साधा मार्ग सांगते. संध्याकाळी रंकाळ्यावर गेल्यावर तुझी नजर समोरच्या इमारतींच्या आकारावर राहते, की दिवा लागलेल्या एखाद्या खिडकीतून आतली खोली कशी मांडली असेल तिकडे जाते? इमारतीकडे जात असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा दे. खिडकीकडे जात असेल तर ‘निदान’ हा शब्द पत्रातून खोडून टाक.

पैशाचं बोलू. फी १६ लाख. होस्टेल, मेस, लॅपटॉप, मॉडेलचं सामान, जाणं-येणं धरलं तर पप्पांचा वीस लाखांचा आकडा बरोबर आहे. म्हणजे नाही म्हणण्याआधी त्यांनी हिशेब केला होता, हे लक्षात घे. समजा १५ लाखांचं लोन काढलं, व्याज १० टक्के, आणि बँकेने ते चार वर्षांत समान भागांत दिलं. कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. सरळ व्याज धरलं तरी तोपर्यंत ते सव्वापाच लाख होतं. शिकता शिकता हे व्याज भरत गेलात, तर पुढे दहा वर्षं महिन्याला जवळपास १९,८०० रुपये हप्ता. नाही भरलं, तर २६,७०० च्या वर. पहिल्या नोकरीच्या पगारात हा हप्ता भागेल, असं मी तरी धरून चालणार नाही. या क्षेत्रात पहिली दोन-तीन वर्षं शिकाऊ म्हणूनच जातात.

आणि ‘सरळ लोन काढून जाऊ’ इतकं ते सरळ नसतं. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्यापुढे बहुतेक ठिकाणी तारण मागतात. तुमच्याकडे तारण ठेवण्यासारखं काय आहे? राहतं घर, नाहीतर वर्कशॉप. दोनदा पाण्याखाली गेलेलं आणि अजून कर्जात असलेलं वर्कशॉप. सहकर्जदार म्हणून सहीही पप्पांचीच लागणार. ते घाबरले असतील तर त्यांना घाबरायचा हक्क आहे.

याच्या उलट बाजूला एक सवलत आहे आणि ती अजून बऱ्याच घरांपर्यंत पोचलेली नाही, म्हणून नीट सांगते. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची आहे: प्रवेश शासनाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला हवा. खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती लागू नाही. म्हणजे तुला आत्ता मिळतेय त्या जागेला नाही. तुमचं घर या अटींत बसत असेल, तर कॅपमधून मिळालेलं कॉलेज आणि हे कॉलेज यांच्या फीमधलं अंतर पंधरा लाखांच्या आसपास जाऊ शकतं. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्तापासून काढायला टाका, अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. निवडलेला अभ्यासक्रम या सवलतीत बसतो का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या.

कॅपसाठी परीक्षा द्यावी लागते. बी.डिझाइनला आता राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी आहे. कलेच्या पदवीला, म्हणजे बी.एफ.ए.ला, वेगळी. त्याशिवाय आयआयटी मुंबई घेते ती यूसीड. ती कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फर्निचर आणि इंटिरिअर हा स्वतंत्र विषय आहे, तिथलंच सेप्ट विद्यापीठ इंटिरिअरसाठी नावाजलेलं आहे. मुंबईत १८५७ पासूनचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. या ठिकाणी जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, पण तुझ्यासारखी सुताराच्या घरात वाढलेली मुलगी तिथे मागे पडेल असं मला वाटत नाही.

माझा कल स्पष्टच सांगते. घर तारण ठेवून ही जागा घ्यायची असेल, तर घेऊ नकोस. एक वर्ष थांब. ‘वर्ष वाया गेलं’ असं गल्लीत म्हणतील. वायाच घालवलंस तर जाईल. कॉलेजची ‘महिनाअखेर’ ही तारीख बघून घाबरू नकोस. आणि ५० हजार भरायचेच ठरलं, तर प्रवेश रद्द केल्यास कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतात, ते यूजीसीच्या त्या वर्षीच्या परिपत्रकाशी ताडून आधी लेखी घे. फोनवर ‘मिळतील हो मॅडम’ म्हणाले, एवढ्यावर विसंबू नकोस.

थांबलीस तर सकाळी वर्कशॉप आणि संध्याकाळी ड्रॉइंग. वर्कशॉपमध्ये नुसत्या हिशेबाच्या टेबलावर बसायचं नाही. कटिंग लिस्ट तू काढायचीस. मापं घ्यायला पप्पांबरोबर जायचंस, टेप तुझ्या हातात. खोलीबरोबर जिना, दार, बोळाचं वळण, टेम्पो उभा राहायची जागासुद्धा मोजायची. कॉम्प्युटरवरचं काम सध्या बाजूला राहू दे. हाताने एकास वीस या प्रमाणात खोली काढता आली की ऑटोकॅड आणि स्केचअप पटापट येतात. उलट्या क्रमाने शिकलेली मुलं मी पुष्कळ बघितली आहेत, त्यांना स्क्रीनवरची खोली कळते आणि खरी खोली कळत नाही.

पोर्टफोलिओसाठी एक विषय तुझ्या दारातच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर मी त्या भागातली बरीच घरं बघत फिरले. एमडीएफचे मॉड्युलर किचन फुगून फुटले होते, साध्या प्लायचे पदर सुटले होते. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या असलेली जुनी स्वयंपाकघरं मात्र चिखल धुऊन आठवड्यात पुन्हा सुरू झाली. माळ्यावर टाकलेल्या गाद्या वाचल्या, खालच्या कप्प्यातली कागदपत्रं गेली. आता तू असं कर: पाणी वाढायची सूचना आल्यावर घरातली दोन माणसं चार तासांत जे जे सोडवून माडीवर नेऊ शकतील, असं स्वयंपाकघर आणि असं कपाट काढ. कुठला भाग दगडाचा, कुठे आयएस ७१०चा मरीन प्लाय, कुठला भाग स्क्रू काढून सुटा होणारा, प्लगचे पॉइंट किती उंच. खर्च किती, तो पप्पांना विचार. त्यातला एक भाग वर्कशॉपमध्ये खरा बनव आणि फोटो काढ. अशी फाइल घेऊन मुलाखतीला गेलीस, तर तिथले परीक्षक तुला लवकर उठू देणार नाहीत.

‘कोल्हापुरात राहून काही होणार नाही’ याचं उत्तरही त्यात थोडं आहे. गुजरीतलं दहा फुटी दुकान, पेठांमधले भावाभावांत वाटे झालेले वाडे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची ऑफिसं, दवाखाने, राजारामपुरीतली क्लासेसची दाटी, इतके वेगवेगळे प्रश्न एका शहरात असल्यावर कामाला तोटा नाही. अडचण वेगळीच आहे. इथला माणूस फर्निचरला पाच लाख आनंदाने देतो आणि ड्रॉइंगचे पंधरा हजार मागितले की, ‘कागदाचे कसले पैसे, सुताराला सांगतो की,’ म्हणतो. हे बदलतंय, पण हळूहळू. म्हणून शिक्षण आणि पहिली काही वर्षं बाहेर काढावीत, मोठी कामं कशी चालतात ते बघावं, हे माझंही मत आहे. गाव सोडून जाणं आणि गावाला नाव ठेवून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात असू दे.

इथवर मी पप्पांच्या बाजूने बरंच बोलले. दोन ठिकाणी त्यांची बाजू मला घेता येत नाही. साइट ही मुलींची जागा नाही, हे मला मान्य नाही. साइटवर अडचणी आहेत. बाथरूम नसतं, संध्याकाळी उशीर होतो, गवंडी, प्लंबर मुलीचं ऐकत नाहीत, तिच्याबरोबर आलेल्या पुरुषाकडे बघून बोलतात. मी हे सगळं सोसलंय आणि म्हणूनच सांगते, त्याची सवय बापाच्या साइटवर होणं सगळ्यात सोपं. तिथे तुझ्याशी वाकडं बोलायची कुणाची छाती नाही. दुसरी गोष्ट भावाच्या ठेवीची. त्याच्या शिक्षणासाठी ठेव आहे, तर तुझ्या नावाने काय आहे? सोनं असेल तर ते कशासाठी? हे भांडणाच्या सुरात विचारू नकोस, पण विचारल्याशिवाय राहूही नकोस. आधी आईशी बोल. अशा ठेवी कुठे, किती आणि का, हे घरात आईला जास्त माहीत असतं. भावाला जे मिळणार आहे त्यातलं निम्मं तुझ्या शिक्षणासाठी धरलं, तर लोनचा आकडा साडेसात लाखांच्या आत येतो का, ते तिघांनी बसून एका कागदावर मांडा.

हे वाचणाऱ्या आईवडिलांनाही एक विनंती. मुलगी डिझाइन म्हणाली की ‘बरं आहे, घर सजवायला उपयोगी पडेल,’ असं म्हणू नका. आणि कॉलेजच्या काचेच्या इमारतीला भुलून पैसेही भरू नका. एआयसीटीई आणि यूजीसीची मान्यता त्यांच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. शेवटच्या वर्षाच्या मुलांची ड्रॉइंग्ज बघायला मागा. त्यांत नुसती चकचकीत थ्रीडी चित्रं आहेत, की जोड कसा बसतो, बिजागरी कुठे लागते हे एकास पाच प्रमाणात काढलेले कागदही आहेत, ते बघा. गेल्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांचे नंबर घ्या आणि ती आज काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका. कोल्हापुरातही इंटिरिअर शिकवणाऱ्या संस्था आहेत, त्यांनाही हेच प्रश्न विचारा. एखादी साधी दिसणारी पदविका यात वरचढ निघू शकते.

आणि तू, महिना संपायच्या आत एक दिवस काढ. पप्पांना घेऊन पहाटेच्या एसटीने त्या कॉलेजला जा. ‘चला, तुम्ही बघून सांगा,’ एवढंच म्हण. तिथे पालक काय करतात म्हणून पुन्हा विचारलं, तर ते शेजारीच उभे असतील, नीट सांग. ऑफिसात कमी वेळ घालव आणि वर्कशॉप बघायला मागा. दार उघडल्यावर तू मशीनांकडे बघू नकोस, पप्पांकडे बघ. ते बहुतेक काही न बोलता वाकतील आणि करवतीच्या मशीनखाली भुसा आहे की धूळ, ते बघतील.